महाराज, मधात बसा

भिंतीजवळ

खैरबोडीच्या समाजभवनात रविवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. म्हणजे भिंतींजवळ नव्हती. मधली जागा पार मोकळी होती. चारही भिंतींना पाठ लावून सगळं गाव मांडीला मांडी घासत बसलं होतं आणि मध्ये रांगोळीच्या चौकात एकच रिकामा पाट मांडला होता.

खिडक्या बंद. दारावर सतरंजी. भवनाच्या मागं तलावाची पाळ, जुनी, दगडाची, गावाच्या पूर्वजांनी डोक्यावर माती वाहून बांधलेली. पुढच्या भिंतीशी मखर. मखरात पाळबाबा.

"मेन स्विच पाडा," बाबा म्हणाले.

त्यांचा चेला ओमेश उठला. खटका पडला. पंखे गरगरत थांबले.

"कोणी म्हणन बाबा करंटवर चालतो. घ्या, करंट बंद! पाळीचा करंट वेगळा असते. त्याले मीटर नाही, बिल नाही, लोडशेडिंग नाही. मी कोण? मी तं पोस्टमन. टपाल खालून येते, मी वाटतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी असन त्याले भेटन. ज्याच्या नावाची नाही..." बाबांनी रिकाम्या पाटाकडं पाहिलं. "त्याचं आपण पाहून घेऊ."

मग तो आला.

आवाज म्हणावा तर आवाज नव्हता. सूर नाही, ताल नाही. आधी पाठीमागची भिंत जिवंत झाल्यासारखी वाटली. मग बरगड्या. मग पोटात कुणी जातं फिरवावं तसं. खिडकीचं तावदान बारीक तडतडलं. कुठून येतं ते मात्र कळेना. डीजेचा बॉक्स कुठं ठेवलाय हे आंधळ्यालाही सांगता येतं. हे सगळीकडून येत होतं आणि कुठूनच येत नव्हतं.

"पाळ बांधणारा मूळपुरुष घुमून राहिला!" कुणीतरी ओरडलं.

गावचे जाणते ईश्वरदास, ज्यांच्या शब्दावर तलावाच्या पाण्याची पाळी ठरे, त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. बायांनी पदर पसरले. आणि बायांच्या रांगेत, दाराच्या बाजूला, धुरपताबाईनंही हात जोडले.

हे लिहून ठेवलं पाहिजे. पुढं जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की धुरपताबाई पहिल्यापासून शहाणी होती. नव्हती. तिच्याही छातीत घुमलं होतं. तिचे आजेसासरे त्या पाळीच्या कामावर होते आणि तिला वाटलं, म्हातारा बोलला.

तेवढ्यात बाबांनी तिचं नाव घेतलं.

मधात

काही नाही.

मधात, पुन्हा एकदा, नीट सांगतो

खैरबोडीची जुनी रीत आहे. कुणाचा निवाडा असला की तो माणूस मधात बसतो आणि गाव भिंतीला. पाणी चोरलं, बांध फोडला, सुनेला मारलं, काहीही असो. मधल्या माणसाचं तोंड सगळ्यांना दिसावं, कुणी त्याच्या कानात बोलू नये, एवढाच जुन्या लोकांचा हेतू. निवाडा नसेल तेव्हा मधात कुणी पाय ठेवत नाही. पोरं खेळतानासुद्धा वळसा घालून जातात.

ही रीत बाबांनी बदलली नाही. हुशार माणूस. गावाची रीत बदलायला गेलं की गाव विचारतं. रीत पाळली की गाव मान डोलावतं.

आरोप काय? शेजारच्या रुख्माबाईची नात भाग्यश्री. सहा वर्षांची पोट्टी खेळता खेळता पडे, डोळे फिरवी, तोंडाला फेस येई. बाबांनी सांगितलं, करणी आहे. कुणाची? मूळपुरुष सांगेल. पोट्टी पहिल्यांदा पडली त्या दिवशी तिनं धुरपताबाईच्या घरी पोहे खाल्ले होते, एवढं रुख्माबाईला आठवलं.

आणखी एक गोष्ट आठवायला हवी होती, ती कुणाला आठवली नाही. भवनाची किल्ली आधी धुरपताबाईकडं असे. बचत गटाच्या शिलाई मशिनी तिथं चालत. बाबा आले, मशिनी ओसरीत फेकल्या गेल्या. ग्रामसभेत उभी राहून ती एकटीच बोलली होती, "हॉल गावाचा होय. बाबाचा नाही."

धुरपताबाई पाटावर बसली. मांडी घातली, पदर सावरला आणि वाट पाहू लागली.

समोर ईश्वरदास डोळे मिटून डोलत होते. रुख्माबाई छातीवर हात दाबून बसली होती. म्हणजे घुमणं चालू होतं. सगळ्यांच्यात चालू होतं. तिच्यात नव्हतं. बरगड्या गप्प. पोट गप्प. आत्ता, दहा पावलं मागं होती तेव्हा होतं आणि आता कुणी फुंकर मारून दिवा विझवावा तसं गेलं.

"बाई, येऊन राहिला का आवाज?"

एक 'हाव' म्हटलं असतं तर सुटली असती. पण पाळीपुढं बसून खोटं कसं बोलायचं?

"नाही," ती म्हणाली.

गावानं एकदम श्वास घेतला. तो मात्र तिला ऐकू आला.

"येत्या रविवारी शेवटचं विचारू," बाबा म्हणाले, अगदी मायेनं. "मूळपुरुष दयाळू आहे. तेव्हाही नाही आला, तं मंग बाईनं गावाची वेस पाहावी. मी काढत नाही हो. मी तं पोस्टमन."

उन्हाळ्यात पतिराम असाच मधात बसला होता. मूळचा जंगलातल्या टोलीतला, म्हणजे छोट्या वस्तीतला, तेंदूपत्त्याचं काम करणारा साधा माणूस. देवळातली घंटा चोरली म्हणून. त्यालाही ऐकू आलं नाही. तो रडला, न केलेली चोरी कबूल केली आणि बायको-लेकरं घेऊन गाव सोडून गेला. घंटा पुढं पुजाऱ्याच्या घरातच सापडली. पण तेव्हा मूळपुरुषाला कोण विचारणार, की बापा, तुझी चिठ्ठी चुकली काऊन?

खुर्चीवर

बुधवारी धुरपताबाई गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला, लेकीच्या घरी आली. येताना एसटीत शेजारच्या सीटवर गावची बाई होती. ती उठून मागं गेली.

पुष्पांजलीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "माय, 'हाव' म्हणायले काय झालं होतं?"

"तुह्यी आजी मेली तेव्हा तिले पाळीवर नेऊन ठेवलं होतं. त्या पाळीपुढं लबाडी करू?"

"मंग तू केली का करणी?"

धुरपताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. पुष्पांजली घाबरली ती तिथं. तिच्या आईला, जिनं आयुष्यभर गावाला तोंडावर सुनावलं, तिला प्रश्न पडला होता.

"मनात आलं असन कधी," धुरपताबाई हळूच म्हणाली. "त्या पोट्टीनं माह्या लसणाच्या वाफ्यात नाच केला होता. मी म्हटलं होतं, मरत काऊन नाही. तसं लागते का वो?"

नेमक्या त्या वेळी बाहेरच्या खोलीत जवाईबापू जमिनीवर रांगत होते.

कुशल बँकेत होता आणि त्यानं नवीन होम थिएटर घेतलं होतं. चार लहान स्पीकर आणि एक मोठा काळा डबा, सबवूफर, ज्यातून फक्त खर्जातला आवाज निघतो. तो डबा त्यानं टीव्हीच्या शेजारी ठेवला. आणि गंमत अशी की त्याच्या खुर्चीत बसलं की बेस गायब. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र ताटल्या नाचत. आठवडाभर तो वैतागला होता. आज त्यानं उपाय शोधला होता. डबा उचलून स्वतःच्या खुर्चीत बसवला आणि आपण गुडघ्यांवर, हातांवर, खोलीच्या कडेकडेनं कान लावत निघाला.

"हे का होय?" धुरपताबाईनं दारातून विचारलं.

"मामीजी, एकदम सिंपल है," कुशल खालूनच म्हणाला. "डबा जिथं ठेवाचा ती जागा शोधून राहिलो. आता डबा माह्या जागेवर बसला, मी डब्याच्या जागा पाहून राहिलो. जिथं मले चांगला घुमला, तिथं डबा ठेवाचा. मंग खुर्चीत तसाच घुमते."

"जवाईबापू पोपटासारखे बोलते आणि बेंडकासारखे चालते," धुरपताबाई म्हणाली आणि रविवारपासून पहिल्यांदा हसली. हसत हसत ती खोलीतून पलीकडं जायला निघाली.

मधोमध थांबली.

"बंद काऊन केला?"

"चालू आहे ना."

"नाही."

"अहो मामीजी, चालू आहे. हे पहा, मले इथं कोपऱ्यात दात वाजून राहिले."

धुरपताबाई एक पाऊल मागं गेली. पोटात जातं फिरलं. एक पाऊल पुढं. गप्प. भिंतीकडं, घुमलं. मधात, गेलं. तिनं असं किती वेळा केलं कुणी मोजलं नाही. पुष्पांजलीनं स्वयंपाकघरातून पाहिलं तेव्हा तिची माय खोलीत मागं-पुढं, मागं-पुढं करत होती आणि जवाई खाली बसून तोंड उघडं टाकून बघत होता.

"सांगा," धुरपताबाई म्हणाली. "काऊन होते असं?"

कुशलनं सांगायचा प्रयत्न केला, अर्धा इंग्रजीत फसला. मग पुष्पांजलीनंच धागा धरला. ती माहेरच्या तलावात पोहायला शिकली होती.

"माय, घाटावर लाट येते. पाळीवर आपटते, परत फिरते. येणारी आन् जाणारी भेटते. दगडाजवळ पाणी का करते?"

"चढते. उतरते. पायऱ्या भिजवते."

"आन् थोडं पुढं?"

धुरपताबाईनं डोळे मिटले. घाटापासून हातभर आत कळशी तरंगत असते. एक वर ढकलणारी लाट, एक खाली ओढणारी लाट, दोघींच्या भांडणात पाणी जागच्या जागी निपचित. "तिथं वर-खाली होतच नाही."

"आवाजाचं तसंच आहे. तो हवेतली लाट होय. बारीक आवाजाची लाट लहान, तिचं काही समजत नाही. पण खर्जाची लाट खोलीएवढी लांब. भिंतीवर आपटून परत येते. भिंतीजवळ जोर धरते, मधात मरते. तुमचा हॉल किती रुंद आहे, ते पाहून नेमका तेवढाच खर्ज लावला की झालं. मधात रामराय बसला तरी त्याले ऐकू येणार नाही."

धुरपताबाई खाली बसली. मग जे बोलली ते करणीबद्दल नव्हतं, स्वतःबद्दलही नव्हतं.

"पतिरामले लेकरं होती वो," ती म्हणाली.

कोपऱ्यात

रविवार. भिंतीला गाव. मधात पाट. खटका पडला, पंखे थांबले, पोस्टमन बोलू लागले. कुशलला जवाई म्हणून भिंतीशी सतरंजी मिळाली होती आणि शेजारी पुष्पांजली.

घुमू लागलं. बाबांनी हात उचलला. "या बाई."

धुरपताबाई उठली, पण पाटावर बसली नाही. पाटाशेजारी उभी राहिली.

"आधीच सांगते, मले काही ऐकू येऊन नाही राहिलं," ती खणखणीत म्हणाली. "आता सारं गाव ऐका. हा आवाज मूळपुरुषाचा असन तं चालू राहीन. कोणी मधात बसो, कोणी उठो. अचानक बंद झाला, तं समजजा का कोणाच्या तरी हातात बटन आहे."

दाराशी उभ्या ओमेशनं खिशातला हात बाहेर काढला. त्याला तो कुठं ठेवावा कळेना.

"बाई उद्धट झाली," बाबा हसले. "पाप बोलून राहिलं."

"मंग पुण्य बसवा. महाराज, तुम्ही मधात बसा."

एवढंच. पण हे वाक्य त्या भवनात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. भिंतीजवळची कुजबुजसुद्धा थांबली. फक्त घुमणं उरलं.

"मी कसा बसू?" बाबा म्हणाले. "मी तं पाळीचा माणूस. मह्या पाठीले पाळ लागते."

"पोस्टमनले गल्लीत यायले कायची लाज?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेहरा उतरला नाही, पण हात मांडीवर खाली आला.

"ठीक आहे," धुरपताबाई भिंतीकडं वळली. "ईश्वरदास भाऊजी, तुम्ही या. तुम्ही तं निवाडे केले. तुमच्याएवढा साफ माणूस गावात नाही, हे मी म्हणते. मले घालवाचं असन तं घालवा, पण एकदा माह्या जागेवर बसून घालवा."

ईश्वरदास लाल झाले. "वहिनी, मधात मी? मह्यावर का आरोप आहे?"

"आरोप नसन तं भेव कायचं?"

आता मागं फिरणं म्हणजे भ्यालो म्हणून कबूल करणं. ईश्वरदास उठले. धोतराचा सोगा झटकला, रांगोळी ओलांडली आणि पाटावर बसले. डोळे मिटले.

गावानं पाहिलं ते असं. आधी कपाळाला आठी. मग मान डावीकडं, मग उजवीकडं, हाक ऐकू न आलेल्या म्हाताऱ्यासारखी. मग डोळे उघडले. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, जिथं त्यांचाच मुलगा छातीवर हात ठेवून बसला होता.

"चालू आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे ना! भिंत हालून राहिली."

'हाव' म्हणणं किती सोपं होतं! सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण हा माणूसही त्याच पाळीचा होता.

"मले नाही येत," ते म्हणाले.

मग जो गोंधळ झाला! एकजण म्हणाला ईश्वरदासनं करणी केली, त्याच्या शेजारच्यानं त्याला गप्प केलं, कुणी म्हणालं मी बसतो, कुणी म्हणालं आधी मी. सरपंच बसले. नाही. पुजारी बसला. नाही, आणि त्याला तर घंटेच्या आठवणीनं घाम फुटला. ज्या चौकात पोरंसुद्धा पाय ठेवत नव्हती तिथं रांग लागली.

या धामधुमीत जवाईबापू गुडघ्यांवर आले.

खैरबोडीच्या सासुरवाडीत, सगळ्या गावासमोर, बँकेतला जवाई इस्त्रीच्या पँटीत भिंतीकडेनं रांगत निघाला. एका म्हातारीला वाटलं सासूच्या पापासाठी नवस फेडतोय, तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा बापा." कुशल पुढं सरकला. कान जमिनीशी, तळवा भिंतीला. पोट्टे खिदळले, "जवाई बेंडूक! जवाई बेंडूक!" त्यानं लक्ष दिलं नाही. मखराच्या डाव्या कोपऱ्यात तो थांबला. तिथं भगव्या कापडाखाली एक पेटी होती. तिच्यात पाळीचा पहिला दगड आहे, असं बाबा सांगत.

"हात लावू नका!" बाबा पहिल्यांदा पोस्टमनच्या आवाजात बोलले नाहीत. "आंधळा होशील!"

कुशलनं वर पाहिलं, सासूकडं. जवाईनं सासूची परवानगी मागावी असा तो क्षण होता.

"ओढा," धुरपताबाई म्हणाली.

कापड निघालं. आत दगड नव्हता. काळा डबा होता, मुर्रीच्या डब्याहून तिप्पट मोठा. त्याच्या तोंडाची गोल पातळ चकती श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होत होती. मागं ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर. मेन स्विच कितीही पाडा, याला फरक पडणार नव्हता. बाबांकडं येण्याआधी ओमेश नाटक मंडळीत साउंडचं काम करायचा, हे मग कुणाला तरी आठवलं. खर्ज बरोबर कुठं मरतो हे बाबाला नाही, त्याला ठाऊक होतं.

धुरपताबाई कोपऱ्यात गेली. चकतीवर तळहात ठेवला. बटन शोधलं आणि बंद केलं.

भिंती मेल्या.

तिनं चालू केलं. भिंती घुमल्या. बंद. चालू. गावातल्या प्रत्येकाला आपल्या बरगडीत कळेपर्यंत तिनं हे केलं. शेवटी तिनं मूळपुरुषाला बंद करून ठेवलं.

"यंत्र आहे, पण त्यात वास त्याचाच..." बाबा सुरू झाले.

"महाराज," ईश्वरदास पाटावरूनच म्हणाले, "मधात बसून बोला."

बाबा बसले नाहीत. सरपंचांनी पोलीस ठाण्याला फोन लावला, कारण एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून गावाबाहेर काढणं हा या राज्यात कायद्यानं गुन्हा आहे. तो कायदा गावाला माहीत होता. गावाला वाटत होतं तो दुसऱ्या गावांसाठी आहे.

भिंत आणि मध यांच्यामधलं अंतर

रुख्माबाई धुरपताबाईच्या ओसरीत आली. खाली बसली. पदर डोळ्याला.

"मी तुह्यावर..."

"रडणं नंतर," धुरपताबाई म्हणाली. "पोट्टी कुठं आहे? उठ. तिले फिट येते, मिरगी असन, करणी नाही. गोंदियाला डॉक्टरकडं नेऊ. गोळ्या चालू झाल्या तं शाळेत जाईन. लसणाचा वाफा माह्याकडं अजून आहे, तिले म्हणजो, नाच."

मशिनी भवनात परत आल्या. काळा डबा पोलिसांनी नेला.

धुरपताबाई मात्र दुसऱ्या दिवशी जंगलाकडच्या टोलीत गेली. पतिराम तिथं भावाकडं राहतोय असं कळलं होतं. सोबत ईश्वरदास होते. त्यांना तिनं बोलावलं नव्हतं, तेच काठी टेकत मागून आले. पतिराम त्यांना पाहून घरात शिरला.

"बाहेर ये गा," धुरपताबाई ओरडली. "तुले का वाटते, तुले पाप लागलं होतं म्हणून ऐकू नाही आलं? मलेही नाही आलं. ईश्वरदास भाऊजीलेही नाही आलं. कोणालेच नाही येत तिथं! तुह्यी चोरी नाही, तुह्यी जागा खराब होती. जागा आम्ही देली तुले."

पतिराम दारात आला. त्यानं ईश्वरदासांकडं पाहिलं. ईश्वरदासांनी मान खाली घातली आणि मग, गावचा निवाडा करणारा माणूस, त्याच्या अंगणात मातीत बसला. मधोमध.

आता सांगण्यासारखं फार नाही. चमत्कार ऐकू आला म्हणून हात जोडण्याआधी उठा. दोन पावलं पुढं जा, दोन मागं जा. कापड असेल तर ओढा. आंधळं कुणी होत नाही, उलट दिसायला लागतं. लेकरू पडत असेल तर डॉक्टर गाठा. आणि पाच माणसं मिळून एका माणसाला मधात बसवून म्हणत असतील, हिला ऐकू येत नाही, हीच दोषी, तर पाठ भिंतीपासून सोडवा.

खैरबोडीची रीत अजून तीच आहे. निवाडा असला की माणूस मधात, गाव भिंतीला. एक फरक झालाय. आधी निवाडा करणारा त्या पाटावर बसतो. बसल्यावर काय ऐकू येतं ते मोठ्यानं सांगतो. मग उठतो आणि ज्याचा निवाडा आहे त्याला म्हणतो, ये, आता तू बस.